कराराचं मागचं पान

कामगार-सल्ला : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे सल्लागार भोसरी-चिंचवड भागात तीस वर्षं कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसत.)

प्रश्न : माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. क्लायंट अमेरिकन, त्यामुळे रात्रपाळी. आणि त्यातून त्याला तिकडच्या फुटबॉलचं वेड लागलंय, तो लांबट चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. परवा जेवताना म्हणाला, पॅट्रिक महोम्स नावाच्या खेळाडूने २०२० मध्ये दहा वर्षांसाठी ४५ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्याच घासाला म्हणाला, तिथे खेळाडूला कधीही काढून टाकतात. दोन्ही खरं कसं असेल? करार म्हणजे करार ना?
— एक मावशी, कोथरूड

उत्तर : ताई, भाचा खोटं बोलत नाहीये. मीही या खेळाचा नवशिका आहे. मुलीकडे अमेरिकेत तीन महिने होतो तेव्हा जावई बघायचे म्हणून बघू लागलो. खेळ अजून नीट कळत नाही. करार मात्र कळले, कारण आयुष्यभर तेच वाचत आलो.

पेपरात छापतात तो मोठा आकडा. खेळाडूच्या कामाचा आकडा वेगळाच असतो : हमीचा. बेसबॉल, बास्केटबॉलमध्ये करारातले बहुतेक पैसे हमीचे असतात, फुटबॉलमध्ये तसं नाही. समजा, चार वर्षांना चार कोटी डॉलर ठरले. सही करताना ८० लाख बोनस, पहिल्या वर्षाचा २० लाख पगार हमीचा आणि पुढच्या तीन वर्षांचे तीन कोटी नुसते कागदावर. पहिला मोसम संपला आणि मार्चमध्ये संघाने ‘नको’ म्हटलं, की खेळाडू एक कोटी घेऊन घरी. राहिलेल्या तीन कोटींबद्दल कुठे दाद मागायची सोय नाही. उलट खेळाडूला वाटलं की दुसऱ्या संघात जावं, तर करार संपेपर्यंत जाता येत नाही. दार एकाच बाजूने उघडतं! आमच्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात साध्या हेल्परचेही २४० दिवस भरले की छाटणीला महिन्याची नोटीस आणि वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागायचा.

महोम्सचं वेगळं. त्याच्या करारात पुढच्या वर्षांची हमी वर्षभर आधीच लागू होत जाते. तेवढं वजन असणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले, तेव्हा बाकीच्या मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्याच वर्षी लमार जॅक्सन, एजंट न ठेवता स्वतः वाटाघाटी करणारा पठ्ठ्या, २६ कोटींवर सही करून बसला. त्यातले हमीचे साधारण साडेअठरा कोटी. म्हणजे वॉटसनला मिळालं ते ‘उदाहरण’ न ठरता ‘अपवाद’ ठरलं. एका कंपनीत चांगला करार झाला की शेजारच्या कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर “ती केस वेगळी होती” म्हणतो, ते मी शंभरदा ऐकलंय.

प्रश्न : आमच्या कंपनीत दर तीन वर्षांनी वेतनकरार होतो. अमेरिकन फुटबॉलमधले एवढे कोट्यधीश खेळाडू, त्यांना युनियन कशाला? आणि संप केलाच तर बिघडतं कुणाचं?
— एक फिटर, चिंचवड

उत्तर : दादा, बिघडतं खेळाडूंचंच. त्यांची युनियन १९५६ पासूनची आहे आणि बत्तीसही संघांच्या खेळाडूंसाठी एकच सामूहिक करार होतो.

१९८७ साली त्यांनी संप केला. मुख्य मागणी अशी, की करार संपला की आम्हाला मोकळेपणी दुसऱ्या संघात जाऊ द्या. मालकांनी एक आठवडा सामने रद्द केले आणि पुढचे तीन आठवडे बदली माणसं घेऊन खेळवले. टीव्हीवर सामने चालू, तिकिटं चालू. जो मोंटानासारखे नामांकित खेळाडूही संप मोडून आत गेले. २४ दिवसांत संप संपला, हाती काही नाही.

हे वाचलं आणि मला १९९० च्या दशकातला भोसरीचा एक संप आठवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचे लोक गणपतीच्या आधी बाहेर बसले. नवरात्र गेलं, दसरा गेला. मॅनेजमेंट एक शब्द बोलेना; त्यांना माहीत होतं की दिवाळी कधी आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्यातले चाळीस जण गेटमधून आत गेले. मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दोघांच्या घरी गॅस संपलेला मी स्वतः पाहिला होता. खेळाडूंची दिवाळी म्हणजे त्यांचं वय. सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची, असं युनियनच सांगते. पगार तेव्हा हंगामात आठवड्याला मिळायचा. एक हंगाम बसून काढला तर तिसरा हिस्सा कारकीर्द गेली. मालक मात्र वीस-वीस वर्षं तोच असतो.

पण पुढे त्यांनी जे केलं त्याला मी आजही हात जोडतो. युनियन असेपर्यंत मालकांचे एकत्र ठरवलेले नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यातून सुटत होते, कारण कोर्ट म्हणायचं की हा मालक-युनियनमधला मामला आहे. मग १९८९ मध्ये खेळाडूंनी युनियनचा दर्जाच सोडून दिला आणि आता आम्ही सुटे सुटे आहोत म्हणून कोर्टात गेले. १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या खटल्यात मालकांचे निर्बंध बेकायदा ठरवले. १९९३ ला तडजोड झाली. आम्ही जन्मभर मान्यतेसाठी भांडलो, आणि यांनी मान्यता फेकून देऊन लढाई जिंकली!

तडजोडीत खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली आणि मालकांना संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा मिळाली. १९९४ ला ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ ला २७ कोटी ९२ लाख.

२०११ ला पाळी मालकांची : १२ मार्च ते २५ जुलै टाळेबंदी. हंगामाचा सामना एकही बुडला नाही, सरावाचा एक तेवढा गेला. किंमत मोजली ती अजून संघात न आलेल्या पोरांनी; नव्या करारात कात्री लागली ती नवोदितांच्या पगाराला. २०१० मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते. २०११ ला तसाच पहिला निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. टेबलावर ज्याची खुर्ची नसते त्याच्या ताटातलं आधी उचलतात. आपल्याकडे ‘जुन्यांना वाढ, नवे सगळे ट्रेनी’ असा करार होतो ना, तसंच. मीही अशा एका करारावर सही केली आहे.

आणि २०२० चा सामूहिक करार तर अवघ्या ६० मतांनी पास झाला : १०१९ विरुद्ध ९५९. हंगामात सतरावा सामना वाढणार होता, म्हणून ॲरन रॉजर्स, जे. जे. वॅट यांच्यासारखे मोठे उघड विरोधात होते. पण त्यात किमान पगार लगेच वाढत होता. मत महोम्सलाही एकच आणि बाकावरच्या शेवटच्या माणसालाही एकच.

प्रश्न : विषय वेगळा आहे. मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली. दोन लाख जॉइनिंग बोनस आहे, पण दोन वर्षांत सोडली तर परत द्यायचा, असं पत्रात आहे. हे चालतं का?
— एक आई, सिंहगड रोड

उत्तर : विषय फारसा वेगळा नाही, बाई. डेट्रॉइटच्या फुटबॉल संघातल्या बॅरी सँडर्सने १९९९ मध्ये करार बाकी असताना अचानक निवृत्ती घेतली, तेव्हा १ कोटी १० लाख डॉलरच्या बोनसमधला वाटा परत करायला लवादाने त्याला सांगितलं. बोनस सहीच्या दिवशी हातात येतो, पण हिशोबाने तो पूर्ण मुदतीचा असतो.

मुलाला सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी ईमेलने विचारायला सांगा, फोनवर नको. दीड वर्षाने सोडली तर पूर्ण दोन लाख द्यायचे की उरलेल्या सहा महिन्यांपुरते? कंपनीनेच काढलं तरी मागणार का? आणि वसुली टीडीएस कापून हातात आलेल्या रकमेची, की कापायच्या आधीच्या? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागेल. तोवर सही करू नये, आणि पैसे आले तरी गाडीचं डाऊन पेमेंट करू नये.