पोर्ट : बंदर की दार?

विचारणा : कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्स कर्नेलवर (लिनक्सचा गाभा, जो यंत्रसामग्री हाताळतो) टिपण लिहितोय. नेटवर्क स्विचच्या (अनेक केबली जोडणारी पेटी) पोर्टला, म्हणजे केबल लावायच्या खाचेला, ‘बंदर’ म्हणावे का? आणि ‘एसडब्ल्यूपी३’सारखी (swp3) पोर्टांची नावे देवनागरीत ठेवता येतील का?

‘बंदर’ नको. जहाजांचे पोर्ट लॅटिन ‘पोर्टुस’वरून आले, आपले ‘पोर्टा’वरून, म्हणजे दार. मराठी शब्द हवाच असेल तर ‘दार’ घ्या. पण केबल लावणारा ‘तीन नंबरच्या पोर्टात घाल’ असेच म्हणतो, बिघडला की पोर्ट ‘उडतो’ही. टिपणात ‘पोर्ट’च ठेवावे, पुल्लिंगी.

नावाचे प्रकरण जास्त रंजक आहे. साध्या नेटवर्क कार्डांना कर्नेल सापडतील त्या क्रमाने इथ०, इथ१ (eth0, eth1) अशी नावे देते. ४८ पोर्टांच्या स्विचला हे परवडत नाही. पेटीवर छापलेला ३ आणि पडद्यावरचा ३ वेगळे निघाले, तर भलतीच केबल उपसली जाते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी सहा नंबरचा आधी उघडला, म्हणून तो एक नंबर होतो का? तसेच हे. म्हणून ड्रायव्हरने (स्विच चालवणारा कर्नेलचा भाग) स्विचची ओळख आणि पोर्टचे अंगचे नाव तेवढे कळवायचे. बारसे यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणारी, कर्नेलबाहेरची लिनक्स सेवा) नियम करतो. कर्नेलच्या दस्तऐवजात सुचवलेला साचा असा : आधी स्विच, मग पोर्ट, मग उपपोर्ट. एसडब्ल्यू१पी१एस० (sw1p1s0) म्हणजे पहिल्या स्विचच्या पहिल्या पोर्टचा शून्य क्रमांकाचा तुकडा. ४० गिगाबिटचा पोर्ट दहा-दहाच्या चार तुकड्यांत फोडला की हा शेवटचा ‘एस’ लागतो. घरगुती राउटरमधल्या, कर्नेलच्या डीएसए या व्यवस्थेने चालणाऱ्या स्विचांची तऱ्हा निराळी. तिथे डिव्हाइस ट्रीतल्या (यंत्रातल्या भागांचे वर्णन देणारी फाइल) लेबलवरून लॅन१, वॅन अशी नावे पडतात.

आता देवनागरी. नावाला १६ बाइट, त्यातला शेवटचा समाप्तीचा, उरले १५. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आपले प्रत्येक अक्षर, काना, अनुस्वार, हलन्त तीन-तीन बाइट खातो. ‘दार१२’ बरोबर १५ मध्ये बसते. ‘पोर्ट३’ला मात्र १८ लागतात : प, ओकार, र, हलन्त, ट, ३.

त्याहून गंमत ‘पेठ१’ची. बारा बाइट, म्हणजे बसायला हवे. तरी कर्नेल नाकारते! नावात रिकामी जागा चालत नाही, आणि कर्नेल ती एकेक बाइट पाहून, लॅटिन-१ या जुन्या, एका अक्षराला एक बाइट देणाऱ्या तक्त्यानुसार ओळखते. ‘ठ’चा शेवटचा बाइट सोळाच्या पायात (हेक्स) ए० आहे, आणि त्या तक्त्यात ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. बिचाऱ्या ‘ठ’ला त्यात स्पेस समजले जाते. (‘ॠ’चीही तीच गत, पण तो कोण वापरतो!)

तेव्हा नाव रोमनच ठेवा आणि मराठी ‘एलियास’मध्ये, म्हणजे पोर्टला जोडलेल्या टोपणनावात, लिहा. ‘आयपी लिंक सेट’ (ip link set) या आज्ञेने तो देता येतो, २५५ बाइटपर्यंत चालतो, आणि ‘मंगळवार पेठ, दुसरा मजला’ त्यात ‘ठ’सकट मावते.