कमरेभर पाण्यात कशाला उतरता?

प्रश्न: सिएरा नेवाडाच्या डोंगरात ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशासाठी माझ्याकडे ५ नंबरची फ्लाय रॉड (हलक्या, खोट्या आमिषाने गरवायची काठी) आहे. जुलैत तीच घेऊन हंटिंग्टन बीचवर गेलो, कमरेभर पाण्यात उतरलो आणि जमेल तितकं लांब फेकलं. काही लागलं नाही. रॉड बदलू की जागा? (एक वाचक, आयर्विन)

उत्तर: आधी पाण्याबाहेर या. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ज्याच्यासाठी जीव टाकावा तो मासा म्हणजे कॉर्बिना, आणि तुम्ही पुढे फेकत होतात तेव्हा तो बहुधा तुमच्या पाठीमागे चरत होता.

लाट वाळूवर चढून परत फिरते त्या पट्ट्यात छोटे करडे खेकडे पुरून घेऊन बसतात. पाणी ओसरताना ओल्या वाळूवर व्ही आकाराच्या बारीक रेघांची नक्षी दिसली की ते खाली आहेत समजायचं; त्यांच्या मिशा वाहत्या पाण्यातलं अन्न टिपत असतात. कॉर्बिनाचं तोंड खालच्या बाजूला. तो लाटेबरोबर वर येतो, कधीकधी पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यात, खेकडे उकरतो आणि पाणी संपायच्या आत वळवळत माघारी फिरतो.

तेव्हा कोरड्या वाळूवरून चाला, पोलराइज्ड चष्मा लावून. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन पाठीवर येतं आणि पाण्यातलं दिसतं. त्यात भरती चढती असेल तर उत्तमच. फक्त आपली सावली माशावर पडू देऊ नका. मासा दिसला की त्याच्या वाटेवर, थोडं पुढे, फ्लाय (हुकावर बांधलेलं खोटं आमिष) टाका. वीस-तीस फूट पुष्कळ झाले. आणि मागे बघून फेका हो, पळणारे लोक असतात!

रॉड ७ नंबरची, म्हणजे जास्त दणकट, घ्या, वाऱ्यात ५ नंबर हाताला घाम फोडते. लाइन, म्हणजे गरवायची दोरी, हळू बुडणारी हवी. खरी डोकेदुखी लाटेची: ती लाइन पुढे-मागे ढकलते, लाइन सैल पडते, आणि मासा फ्लाय तोंडात घेऊन थुंकून मोकळा होतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून फ्लाय पडल्या क्षणापासून डाव्या हाताने लाइन ओढत राहा. ओढलेली लाइन कमरेच्या टोपलीत जाऊ द्या, नाहीतर घोट्यांना विळखा बसतो. चावा कळला की ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलू नका. लाइनच जोरात ओढा.

फ्लाय ६ नंबरच्या हुकावर, वाळूच्या रंगाची, मण्यांचे डोळे असलेली; पोटाखाली एक नारंगी ठिपका. उन्हाळ्यात खेकड्याच्या मादीच्या पोटाला नारंगी अंडी चिकटलेली असतात, त्याची ही नक्कल. एवढं करूनही बहुतेक कॉर्बिना ढुंकून बघत नाहीत. त्याला इलाज नाही.

प्रश्न: लहानपणी मालवणात गरवलंय. इथे परवाना लागतो का? आणि पाकटांची (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशांची) भीती वाटते. (एक वाचक, सॅन डिएगो)

उत्तर: वय १६ किंवा त्यापुढे असेल तर किनाऱ्यावरून गरवायला परवाना लागतो, २०२३ पासून तो घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. समुद्रावरच्या सार्वजनिक पिअरवर (पाण्यात शिरलेल्या धक्क्यावर) लागत नाही. संरक्षित पट्टे मात्र नकाशावर पाहून घ्या: लगुना बीचच्या बऱ्याच किनाऱ्यावर २०१२ पासून मासेमारीच बंद आहे.

पाकटं उन्हाळ्यात उथळ पाण्यात असतातच. सील बीचच्या एका भागाला तर लोक 'रे बे' म्हणतात ('रे' म्हणजे पाकट). पाण्यात शिरावं लागलंच तर पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून घासत सरका, ती आपणहून बाजूला होतात. काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि लाइफगार्डला गाठायचं.

प्रश्न: कॉर्बिना खातात का? बाजारात कुठे दिसला नाही. (तेच वाचक)

उत्तर: दिसणार नाही. कॅलिफोर्नियात त्याच्या विक्रीवर १९१५ पासून बंदी आहे. स्वतः पकडलेला नियमात राहून खाता येतो, मी मात्र सोडून देतो. तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. पण घोळीच्या फुग्याला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) मिळतो तसला भाव इथे स्वप्नातही धरू नका, मोठ्या कॉर्बिनाला फुगाच नसतो.