घरातल्या वस्तू बघून प्रॉडक्ट डिझाइन शिकता येतं का?

तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमाला आहात, डिझाइनच्या कोर्सची फी परवडत नाही, म्हणून हे विचारलंय. शिकता येतं. फक्त हॅकसॉ, म्हणजे धातू कापायची करवत, हातात घ्यावा लागेल.

फुटकी बादली कुठेही मिळेल. आधी ती उलटी करा. तळाच्या मधोमध बोटाला टोचणारा बारीक उंचवटा लागेल. तो गेट. वितळलेलं प्लास्टिक तिथून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, शिरलं. मधोमध अशासाठी, की ते चहूकडे सारखं पसरावं. बादली खाली निमुळती का? दुकानात एकात एक बसतात हे खरंच, पण थंड होताना प्लास्टिक आकसतं आणि मोल्डच्या आतल्या भागाला घट्ट धरून बसतं. बाजूंना उतार नसेल तर ते सुटायला तयार नसतं. ह्या उताराला ड्राफ्ट म्हणतात.

मला हे कॉलेजात उमगलं नव्हतं. पहिल्या नोकरीत मी एका मोजणीच्या मीटरसाठी प्लास्टिक कव्हरचं ड्रॉइंग काढलं, चारही भिंती अगदी काटकोनात. भोसरीच्या एका टूलरूममधल्या, म्हणजे साचे बनवतात तिथल्या, मिस्त्रींनी ड्रॉइंग बघून एवढंच विचारलं, “साहेब, हे बाहेर कसं काढू?” मग त्यांनी रिजेक्ट मालाच्या क्रेटमधले पाच-सहा तुकडे माझ्यापुढे ठेवले. एकावर स्क्रूच्या जागेच्या बरोबर मागे खळगा पडला होता. जाड भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि वरचा पृष्ठभाग आत ओढतो. त्या क्रेटपाशी मी पुढे कितीतरी दुपारी घालवल्या.

आता बादली उभी कापा. कडी अडकवायचे कान बाहेरून भरीव वाटतात, पण बहुतेकदा मागे पातळ फासळ्या असतात. कारण तोच खळगा: कान भरीव ठेवला तर तो पडतो. काठ बाहेर वळवलेला असतो, त्यामुळे भरलेली बादली उचलताना तोंड चपटं होत नाही. जाडी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजा आणि छेद वहीत हाताने काढा. फोटोवर भागवू नका, चित्र काढताना जिथे अडाल तिथेच शिकायचं असतं.

त्यानंतर कुकरचं तुटकं हँडल घ्या. ते बेकेलाइटचं असतं. एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून आचेजवळ चालतं.

पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांकडे, जाऊन या. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ओळीने मारलेले ठोके, ही नुसती नक्षी असं मला वाटायचं. पण त्या ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही सहज चेपत नाही.

आणि चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेला अहवाल वाचा. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली ती त्यातूनच. त्यात ते साध्या लोट्याबद्दल प्रश्न विचारत जातात: पाणी किती मावावं, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरल्यावर तोल कुठे जातो, किंमत किती. हेच प्रश्न बादलीला लावून बघा. जमलं तर दुसऱ्या कंपनीचीही एक फुटकी बादली मिळवा. दोन्हींचे कान कापून शेजारी ठेवलेत की कुणी कुठे प्लास्टिक वाचवलंय ते दिसेल.