‘पुनर्जन्म’ की ‘नवा जन्म’? आणि ‘पापमुक्त’ म्हणजे नेमकं काय?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या शेजारी नगरकडून बदलून आलेलं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहतं. (नगर आता अहिल्यानगर झालं, म्हणजे नावापुरते तरी आम्ही इंदूरवाले त्यांचे नातेवाईक.) त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, आहे. निमंत्रण हिंदीत तयार होतं, गावाकडच्या पाहुण्यांसाठी त्याचं मराठी करून द्यायचं काम ताईंनी हौसेने अंगावर घेतलं. मथळा केला ‘पुनर्जन्म सोहळा’. खाली ओळ, ‘आमचा मुलगा आता पापमुक्त झाला आहे’. कार्डाचा कच्चा नमुना मुलाच्या आजींनी वाचला, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, आमचं पोर मेलं कधी?’ तेवढ्यात मुलाच्या काकांनी दुसरी ओळ वाचून शेरा मारला, ‘म्हणजे हा आता थापा मारायचा बंद होणार तर!’

ताई विचारतात: पुनः अधिक जन्म, संधी बरोबर, मग आजींचं बिनसलं कुठे? आणि काकांना उत्तर काय द्यायचं?

संधी बरोबरच आहे. पण शब्द तेवढ्यावर चालत नाही, तो ज्या घरात वाढला त्या घरची सवय बरोबर आणतो. ‘पुनर्जन्म’ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात आधी मरण येतं, मग दुसरा देह, आणि मागच्या खात्यावरची शिल्लक पुढे ओढलेली. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही सगळी वरात त्या शब्दामागून येते. पाप-पुण्य उरलंय म्हणून जन्म घ्यावा लागतो, आणि तो फेरा चुकावा म्हणून सगळी धडपड. म्हणजे इथे जन्म हीच अडकण. ख्रिस्ती बोलण्यात नेमकं उलटं आहे, तिथे दुसरा जन्म हीच सुटका. एकाच शब्दाने दोन्ही कामं करायला गेलं की आजींचा चष्मा मांडीवर येणारच.

‘पुनर्जन्म’चा आणखी एक, घरगुती वापर आहे, हे मान्य. ट्रकखालून वाचलेल्याला ‘पुनर्जन्मच झाला हो तुमचा’ म्हणतात. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असं माझी आई म्हणायची. तिथे माणूस तोच, देह तोच, फक्त उरलेलं आयुष्य बक्षीस मिळाल्यासारखं. हा अर्थ ताईंच्या कार्डाला त्यातल्या त्यात जवळचा. पण छापील मथळ्यात तो उमटत नाही. मथळ्यातला संस्कृत शब्द वाचक शास्त्रार्थानेच घेतो, आणि ‘सोहळा’ जोडल्यावर तर मामला फारच भव्य होतो.

‘मग द्विज हा शब्द नाही का?’ असं कुणीतरी विचारेलच. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला: मुंज झालेला, पक्षी, आणि दातसुद्धा. पक्ष्याची उपमा मला फार आवडते. एकदा अंडं, मग अंड्यातून पिल्लू, जीव तोच आणि मध्ये मरण नाही. पण मराठीत हा शब्द जातीला इतका चिकटलाय की कार्डावर घातला तर आजी चष्मा नुसता काढणार नाहीत, फेकतील.

आता मुळाकडे. ही भाषा बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) तिसऱ्या अध्यायातली. निकदेम नावाचा एक वजनदार परुशी, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की माणूस ‘अनोथेन’ जन्मल्याशिवाय त्याला देवाचं राज्य दिसत नाही. ‘अनोथेन’ या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ, ‘वरून’ आणि ‘पुन्हा, नव्याने’. निकदेम दुसरा अर्थ पकडतो, तोही अगदी शब्दशः: म्हाताऱ्या माणसाने काय परत आईच्या पोटात शिरायचं? त्याच्या प्रश्नातला ग्रीक शब्द मात्र वेगळा आहे, ‘देउतेरोन’, म्हणजे सरळ ‘दुसऱ्यांदा’. एक जण ‘वरून’ म्हणतोय, दुसरा ‘दुसऱ्यांदा’ ऐकतोय, आणि सगळा संवाद त्या फटीत उभा आहे. त्याच शुभवर्तमानात पुढे येशूचा बिनशिवणीचा अंगरखा ‘वरपासून’ सबंध विणलेला होता असं येतं, तिथेही हाच शब्द. मत्तयाच्या शुभवर्तमानात मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, तिथेही हाच.

आपल्या मराठी बायबलने ‘पुनर्जन्म’ टाळून ‘नव्याने जन्मणे’ घेतलं. तीताला लिहिलेल्या पत्रातही ‘नव्या जन्माचे स्नान’ आहे. निवड शहाणपणाची, पण ‘नव्याने’ म्हटल्यावर ‘वरून’ निसटतं. इथे, इंदुरात बसून, मला हिंदीचा हेवा वाटतो. हिंदी बायबल म्हणतं, ‘नये सिरे से’. सिरा म्हणजे टोक, आणि त्याचं नातं शिराशी, डोक्याशी. ‘नये सिरे से’ म्हणजे पुन्हा, आणि तेही वरच्या टोकापासून! दोन्ही अर्थ एका घासात. इंदुरी मराठी बोलणारा ‘नवीन सिऱ्यापासून सुरू करू’ असं सहज म्हणतो आणि पुण्याच्या पाहुण्यांकडून बोलणी खातो. या एका ठिकाणी पाहुण्यांनी गप्प बसावं.

हिंदी-मराठीचा हा गुंता ताईंच्या कार्डात आणखीही दिसतो. नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून मराठीत काम करत होतं. इंदुरात आले कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ), त्यांचं काम मुख्यतः हिंदीत (इथलं ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच, 1887चं). म्हणून एकाच देवघरचे शब्द दोन गावांत वेगळे झाले. इथे कलीसिया (चर्चचा समुदाय), तिकडे मंडळी. इथे गवाही, तिकडे साक्ष. इथे बपतिस्मा, तिकडे बाप्तिस्मा. इथे उद्धार, तिकडे तारण. यातल्या ‘मंडळी’वर आजोबांच्या पिढीने मनसोक्त विनोद केले असणार, कारण ‘आमची मंडळी’ म्हणजे घरची बायको. ‘तारण’ तर आज सोनेतारण कर्जाच्या पाट्यांनी पळवलंय. वास्तविक दोन्ही ‘तारणे’चेच, पण एकात सोनं अडकतं आणि दुसऱ्यात माणूस सुटतो. ‘खंडणी’चं आणखी वाईट झालं. होळकर-शिंदे वसूल करायचे ती खंडणी, आज गुंड मागतात ती खंडणी, आणि मराठी बायबलात ख्रिस्ताने स्वतःचा जीव देऊन भरलेली तीही खंडणीच.

आता ‘पापमुक्त’. काकांचा शेरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी समासाने त्यांना फसवलंय. तीन शब्द शेजारी ठेवून बघा: रोगमुक्त, कर्जमुक्त, कारामुक्त. तिन्ही पंचमी तत्पुरुष, कशापासून तरी मुक्त. पण रोगमुक्त माणसाच्या अंगात रोग उरलेला नसतो. कर्जमुक्त माणसाची वही बंद झालेली असते, फेडून असो वा माफ होऊन. कारामुक्त माणसाच्या बाबतीत मात्र तुरुंग जागच्या जागी असतो, भिंती तशाच, शिपाई तोच, फक्त हा बाहेर. समास एक, सुटकेच्या तऱ्हा तीन. काका ‘पापमुक्त’ रोगमुक्तसारखं वाचतायत.

पापाविषयी बोलताना मराठीची स्वतःची क्रियापदं कोणती? पाप लागतं, पाप धुतात, पाप फेडतात, पापाचा घडा भरतो. म्हणजे पाप हा मळ, किंवा देणं, किंवा साठा. यातलं देणं ख्रिस्ती बोलण्यातही आहेच. मत्तयातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ अशीच विनवणी आहे. पण ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय काढा, तिथे पाप हा चक्क मालक आहे. माणूस त्याचा दास, आणि मालक पगारही देतो: ‘पापाचे वेतन मरण’. तिथली मुक्ती म्हणजे दास्यातून सुटणं. मालक मेलेला नाही, गल्लीत भेटतो, जुन्या सवयीने हाकही मारतो. त्याचा हुकूम मात्र आता चालत नाही.

म्हणूनच मराठीत ‘पापातून मुक्त’ आणि ‘पापापासून मुक्त’ यांत मला फरक ऐकू येतो. खड्ड्यातून, कर्जातून, तुरुंगातून माणूस बाहेर पडतो, जागेला ‘तून’. धरून ठेवणाऱ्यापासून सुटतो, तिथे ‘पासून’. पौलाच्या चित्राला ‘पापापासून’ अधिक जवळचं, आणि ‘पापाच्या दास्यातून’ म्हटलं तर काही सांडत नाही.

त्याच अध्यायात एक वाक्प्रयोग असा आहे की पहिल्यांदा वाचताना व्याकरण मोडल्यासारखा वाटतो: ‘पापाला मेलेले’. पापाने मेलेले समजतं, पापात मेलेले समजतं, पण पापाला? हे ग्रीक चतुर्थीचं ओझं आहे, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. मग एकदा ओळखीच्या घरात थोरल्या मुलावरून भांडण चालू होतं. वडिलांनी ताटावरून उठता उठता, हात न धुताच सांगितलं, ‘आजपासून तो आम्हाला मेला.’ मुलगा तिकडे भोपाळला धडधाकट, नोकरीवर. पण या घराचा त्याच्यावर हक्क नाही आणि त्याचा या घरावर. हीच ती चतुर्थी! ‘पापाला मेला’ म्हणजे पापाच्या लेखी मेला, त्याचा आता याच्यावर दावा नाही. ग्रीकाची उसनवारी कसली, आपल्या स्वयंपाकघरातलंच वाक्य ते. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतलेल्यांना घरचे हेच वाक्य ऐकवत, कुठेकुठे जिवंतपणी श्राद्धही घालत. घराला मेलेला आणि पापाला मेलेला, दोन्ही एकाच दिवशी.

आणि आजींचा प्रश्न, पोर मेलं कधी? तो पौलाला विचारला असता तर त्याने चष्मा परत आजींच्या हातात दिला असता आणि सांगितलं असतं, पाण्यात उतरेल तेव्हा. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालू लागणं, असंच तो त्या अध्यायात म्हणतो. आजी थट्टेत नेमकं बोलून गेल्या. फरक एवढाच की हे मरण खातं पुढच्या देहावर ढकलत नाही.

काकांसाठी थोडक्यात: पापमुक्त म्हणजे निष्पाप नव्हे. निष्पाप पाळण्यातलं बाळ. ‘आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो’, असा इशारा योहानाच्या पहिल्या पत्राने विश्वास ठेवणाऱ्यांनाच दिलाय. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने तर ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो असं सांगितलं. इथे ‘नीतिमान ठरणं’ हे न्यायालयातल्या ‘निर्दोष ठरणं’सारखं आहे, निकाल लागलाय, स्वभावाचं काम चालू आहे. काही पंथ पावित्र्यावर याहून जास्त भर देतात, पण पुतण्या थापा मारताना सापडला तर कार्ड खोटं ठरणार नाही. त्याने ती थाप ‘माझा स्वभावच असा’ म्हणून मिरवली, तर मात्र काकांनी कार्ड पुढे करावं.

ख्रिस्ती माणसाच्या ओळखीबद्दल ताईंनी विचारलेलं नाही, तरी एक शब्द राहवत नाही म्हणून सांगतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, जो ‘ख्रिस्ताच्या ठायी’ आहे तो ‘नवी उत्पत्ती’ आहे, असं मराठी बायबल म्हणतं. ‘ठायी’! ठाव, ठिकाण यांचा सख्खा भाऊ, संतांच्या मराठीत पावलोपावली भेटणारा. नुसतं ‘ख्रिस्तात’ म्हटलं असतं तर डब्यात लाडू असल्यासारखं वाटलं असतं. ‘ठायी’मध्ये पत्ता आहे. आपण राजवाड्याजवळचे, रामबागेतले, इंदुरी, तसा हा ख्रिस्ती. त्या ‘ई’ने माणूस कुठला ते सांगितलं. स्वभाव चांगला की वाईट ते सांगितलेलं नाही. आणि या पत्त्याला जुनं नाव पुसावं लागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला, मागे रेव्हरंड लागलं, पण नारायण वामन टिळक ते शेवटपर्यंत राहिले आणि ख्रिस्तावर लिहिलं ते अभंगात.

तर ताई, मथळा ‘बाप्तिस्मा विधी’ करा. ‘बपतिस्मा’ नको, पाहुणे नगरचे आहेत. खाली: ‘प्रभूच्या कृपेने आमच्या मुलाला नवा जन्म लाभला आहे. त्याच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगी आपण उपस्थित राहावे.’ ‘पापमुक्त’ची ओळ काढून टाका, ती मुलाने स्वतः साक्ष देताना म्हणायची गोष्ट आहे, आईबापांनी त्याच्या वतीने छापायची नव्हे. आणि छापायला देण्याआधी आजींना पुन्हा दाखवा. चष्मा नाकावरच राहिला तर द्या प्रेसला.