आधी ऊतीचा तुकडा, मग फॉर्मालिन

खोल समुद्रातल्या शार्कची जात ओळखायची, तर तो हाती आला की आधी स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाक, मगच मासा टिकवणारं फॉर्मालिन. क्रम चुकला की डीएनए खराब होतो. माझा एक सुंदर नमुना असाच गेला, अजून हळहळ वाटते.

मग सावकाश निरख. गुदपर (पोटाखालचा मागचा पर) आहे का? पृष्ठपरांपुढे (पाठीवरच्या परांपुढे) काटे? सेंट्रोफोरस या खोल समुद्रातल्या शार्कच्या गटात मात्र नुसत्या त्वचेवरच्या दंतखवल्यांवर (दातांसारख्या बारीक खवल्यांवर) विसंबू नकोस. पिल्लाचे आणि प्रौढाचे खवले इतके निराळे, की दोन जाती वाटाव्यात! शिवाय अंगभर ते बदलतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात पहिल्या पृष्ठपराखालचेच बघ.

डीएनएवरून जात ओळखायला सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा बहुतेकदा पुरतो; अगदी जवळच्या जाती असतील तर एनडी२ हे दुसरं जनुकही कर. हा तुकडा ज्याच्याशी ताडायचा त्या डेटाबेसमधलं नावसुद्धा चुकीचं असू शकतं, तेव्हा पुन्हा तपासता यावा म्हणून मासा टाकून देऊ नकोस.