बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट हातात घेऊन कसे ओळखायचे?

दाणे बघा: ताज्या फुटलेल्या बाजूवर पांढरे, गुलाबी, काळे दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसले तर ग्रॅनाइट, सगळा दगड एकसारखा काळा-करडा असेल तर बहुधा बेसॉल्ट. दोन्ही शिलारसाचेच, पण ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर अतिशय सावकाश थिजतो, म्हणून स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. बेसॉल्टचा लाव्हा पृष्ठभागावर येऊन झटपट थिजतो. सह्याद्रीतला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण तो हाच. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं दिसतात, कधी त्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिकही चमकतात. फक्त रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारी फरशी बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट या वेगळ्याच गडद खडकांची असते, भूशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइट नव्हेच.