भावनिक बुद्धिमत्ता, भावनांक आणि 'मी लवकर रागावते'

आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी विचारलं आहे: 'इमोशनल इंटेलिजन्स'ला भावनिक बुद्धिमत्ता म्हणायचं, भावनात्मक बुद्धिमत्ता म्हणायचं की भावनांक? तिचं मापन होतं की मूल्यमापन? 'टीनएजर' म्हणजे किशोर की पौगंडावस्थेतलं मूल? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: "विधानांची भाषा सोपी ठेवली की झालं ना?"

मला यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी संज्ञांकडे बघू.

भावनिक आणि भावनात्मक हे दोन्ही शब्द व्याकरणाने बरोबर आहेत. '-आत्मक' लागलं की 'त्या स्वरूपाचं, त्याचंच बनलेलं' असा अर्थ येतो: वर्णनात्मक लेखन, रचनात्मक काम. त्या हिशेबाने भावनात्मक बुद्धिमत्ता म्हणजे भावनांचीच बनलेली बुद्धी. आपल्याला म्हणायची आहे ती भावनांच्या बाबतीतली बुद्धी. 'भावनिक'मध्ये नुसता संबंध सांगितला जातो, भावनिक आधार, भावनिक गुंतवणूक म्हणतो तसा. पुस्तकांतही हाच शब्द रुळला आहे. तो घ्या. फक्त एक सांभाळा: 'ती फार भावनिक आहे' असं आपण म्हणतो तेव्हा ती चटकन हळवी होते असा अर्थ असतो. म्हणून अहवालात 'हे मूल भावनिकदृष्ट्या कमी आहे' अशी अर्धवट वाक्यं नकोत. पालक त्याचा अर्थ 'मूल कोरडं आहे' असा घेतील.

भावनांकाचं प्रकरण जरा रंजक आहे. हा शब्द बुद्ध्यांकावरून घडला. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मुलाच्या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली आणि पुढे तो भागाकार शंभराने गुणायची पद्धत पडली. आठ वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलांना जमणारी कोडी सोडवत असेल, तर दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५. 'इंटेलिजन्स क्वोशंट' या इंग्रजी संज्ञेत हा भागाकार शब्दशः बसलेला आहे: क्वोशंट म्हणजेच भागाकार. भावनांच्या बाबतीत असा भागाकार कुणी करत नाही, तरी इंग्रजीत तोच शब्द 'इमोशनल'ला जोडला गेला. मराठीत आपण 'अंक' म्हटलं आणि नकळत जास्त खरं बोललो. अंक म्हणजे नुसती संख्या. ती कशी आली याबद्दल तो कसलाच दावा करत नाही.

संधीच्या नियमानेही भावनांक सरळ आहे: भावना अधिक अंक. घोटाळा आहे तो बुद्ध्यांकात. इकारापुढे अ आला की इकाराचा य् होतो आणि पुढचा अ तसाच राहतो. अति अधिक अंत अत्यंत होतो, 'अत्यांत' होत नाही. म्हणजे बुद्धि अधिक अंक यांचा बुद्ध्यंक व्हायला हवा. गुणांक, निर्देशांक यांच्या ओढीने तो 'बुद्ध्यांक' झाला असावा. मी स्वतः बुद्ध्यंक लिहिते, पण दुसऱ्याच्या मजकुरात दुरुस्त करत बसत नाही, इतका तो रूप बदलून स्थिरावला आहे.

तेव्हा भावनिक बुद्धिमत्ता हे त्या गुणाचं नाव आणि भावनांक हा चाचणीतून निघालेला आकडा. एकासाठी दुसरं वापरू नये. ताप आणि तापमापीवरचा आकडा आपण वेगळे ठेवतो तसंच.

पण खरी अडचण या पुढची आहे. ती मराठीची नाही, त्या विषयाचीच आहे आणि मराठी संज्ञेने ती झाकू नये असं मला मनापासून वाटतं. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक क्षमता होती: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांच्यातला फरक करणं आणि त्या माहितीचा विचारात आणि वागण्यात उपयोग करणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी नेला आणि त्याच्या पोटात चिकाटी, उमेद असं बरंच काही आलं. त्यानंतर मोजण्याच्या दोन वाटा झाल्या. एका वाटेवर मुलाला काम दिलं जातं. हा चेहरा बघ, याला काय वाटत असेल? अमुक प्रसंगात कुठली गोष्ट केल्याने याचं मन शांत होईल? इथे उत्तर कमीअधिक बरोबर असतं आणि ते ठरवताना बहुसंख्यांचं किंवा तज्ज्ञांचं मत प्रमाण धरतात. मेयर-सॅलोव्ही परंपरेतली १० ते १७ वयाची चाचणी या वाटेवरची. दुसऱ्या वाटेवर मुलालाच विचारतात, तू कसा आहेस? 'इतरांना काय वाटतंय ते मला कळतं' अशी विधानं आणि पुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत खुणा. रूवेन बार-ऑन यांची ७ ते १८ वयाची शोधिका या वाटेवरची. तिच्यात सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ यांच्यामध्ये येतात. के. व्ही. पेट्रिडीस यांनी तर स्पष्टच सांगितलं की दुसऱ्या वाटेने हाती लागते ती क्षमता नसते. स्वतःच्या भावनिक कुवतीबद्दल माणसाची जी समजूत असते ती हाती लागते आणि तो स्वभावाचा भाग आहे.

या दोन्ही वाटांचे आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. चेहरे अचूक वाचणारी मुलगी स्वतःबद्दल 'मला लोक कळत नाहीत' असं लिहू शकते. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तर ते अगदी नेहमीचं आहे. म्हणून मराठीत पहिल्या वाटेच्या साधनाला 'चाचणी' म्हणा, दुसरीला 'प्रश्नावली' किंवा 'शोधिका'. प्रश्नावलीतून निघालेल्या आकड्याला भावनांक म्हणण्यापेक्षा 'भावनिक स्वप्रतिमेचा गुण' म्हणा. लांब आहे, पण पालकांची दिशाभूल करत नाही. शिक्षक किंवा पालक मुलाविषयी खुणा करतात त्या तक्त्याला शिक्षणशास्त्रात 'पदनिश्चयन श्रेणी' म्हणतात. ते तिसरंच. मोठ्यांना दिसणारं मूल आणि मुलाला जाणवणारं स्वतः, यांत बरंच अंतर असतं.

मापन की मूल्यमापन? मापन. मूल्यमापनात चांगलं-वाईट ठरवणं आलंच. बुद्धिमापन हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, त्याला जोडून भावनिक बुद्धिमत्तेचं मापन नीट बसतं. बोलताना मात्र मला 'अजमावणं' जास्त आवडतं. ताकद अजमावतात, नशीब अजमावतात. त्यात प्रयत्न आहे, अंदाज आहे आणि आज एक आलं तर उद्या वेगळं येईल ही मोकळीकही आहे. 'कसोटी'ही वाईट नाही. मूळ शब्द कषपट्टिका, सोनं घासून बघायचा दगड. दगडावर उमटलेली रेघ ठाऊक असलेल्या सोन्याच्या रेघेशी ताडून बघतात. मानसशास्त्रातली चाचणीही हेच करते: मुलाचा गुण त्याच वयाच्या इतर मुलांच्या गुणांशी ताडून पाहते. म्हणूनच ज्या मुलांवरून ही प्रमाणकं, म्हणजे ताडून पाहायचे गुण, काढली त्यांची भाषा आणि तुमच्या मुलांची भाषा वेगळी असेल, तर नुसत्या भाषांतराने आकड्याला अर्थ येत नाही. मराठीत प्रमाणकं नव्याने काढावी लागतात.

कुणी म्हणेल, आपला 'समजूतदारपणा' का नको? मलाही मोह झाला होता. पण समजूतदार मूल म्हणजे आपण कोणाला म्हणतो? हट्ट न करणारं, आपलं खेळणं धाकट्याला देऊन टाकणारं. 'शहाणं बाळ' म्हणजे सांगितलेलं ऐकणारं. भावनिक बुद्धिमत्तेत 'मला हे आवडलं नाही' असं नीट सांगता येणंही मोजलं जातं. समजूतदारपणाच्या मापाने ते मूल नापासच होईल.

आता सोप्या भाषेचा प्रश्न. एका प्रश्नावलीचा मराठी खर्डा मी नऊ वर्षांच्या भाचीला वाचायला दिला होता. 'मी लवकर रागावते' या विधानाशी ती थांबली आणि म्हणाली, "मी कशी रागावणार? मी तर लहान आहे. आई रागावते." तिने 'कधीच नाही'वर खूण केली. पाच मिनिटांपूर्वी पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून तिने वही भिरकावली होती.

चूक तिची नव्हती. मराठीत रागावणे म्हणजे राग येणे आणि रागावणे म्हणजे ओरडणे, बोलणी देणे. 'बाई मला रागावल्या' यात बाईंच्या मनात काय होतं याचा पत्ताच नाही, त्या काय बोलल्या ते आहे. लहान मुलांच्या कानावर हा दुसराच अर्थ जास्त पडतो. शब्द सोपा होता, तरी विधान फसलं.

त्याऐवजी 'मला लवकर राग येतो' लिहा. अर्थ एकच राहतो आणि आणखी एक फायदा होतो. 'मी रागावतो/रागावते' असं तिरपी रेघ मारून लिहावं लागतं, कारण मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग दाखवतं. 'मला राग येतो'मध्ये क्रियापद रागाप्रमाणे चालतं, मुलगा असो की मुलगी. आपल्या भाषेत बहुतेक भावना अशाच येतात: भीती वाटते, लाज वाटते, कंटाळा येतो, आनंद होतो, रडू कोसळतं. ही वाक्यरचना मुलांच्या तोंडची आहे आणि प्रश्नावलीला अगदी सोयीची आहे. रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं ही क्रियापदं मात्र 'मी'ला धरूनच चालतात. तिथे तिरपी रेघ टळत नाही.

'मला वाईट वाटतं' हे दुसरं सापळ्याचं वाक्य. सोपं तर आहेच, पण त्यात किमान चार गोष्टी मावतात. मित्र बोलला नाही म्हणून दुखावणं, आपण मित्राला ढकललं म्हणून अपराधी वाटणं, त्याचा कुत्रा मेला म्हणून हळहळणं आणि काही कारण नसताना उदास होणं. भावनांमधला फरक ओळखता येतो का हेच तर आपण अजमावतो आहोत, आणि विधानच तो फरक पुसून टाकतं. तिथे कारण जोडा: 'माझ्यामुळे कुणी रडलं तर मला वाईट वाटतं.'

अगदी लहान मुलांसाठी हा भाषेचा भार कमी करायच्या युक्त्या आहेत. सुझॅन डेनम यांच्या चाचणीत बाहुल्या असतात आणि त्यांना लावायचे चार चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. मूल आधी चेहऱ्याचं नाव सांगतं, मग नाव ऐकून चेहरा दाखवतं, मग गोष्ट ऐकून बाहुलीला चेहरा लावतं. फ्रान्सिस्को पॉन्स आणि पॉल हॅरिस यांच्या ३ ते ११ वयाच्या चाचणीत चित्रातल्या मुलाचा चेहरा कोरा असतो आणि खालच्या चेहऱ्यांपैकी योग्य तो दाखवायचा असतो. वरवर हसून आत रडू दाबणं, एकाच वेळी आनंद आणि भीती वाटणं, हे तिच्यात मोठ्या मुलांनाच जमतं. अशा साधनातही आपल्याला शब्द निवडावेच लागतात. 'दुःखी' हा चार वर्षांच्या मुलाचा शब्द नाही. 'याला रडू येतंय' त्याला कळतं, पण मग भीतीने येणारं रडूही त्यात शिरतं. इथे मी 'याला वाईट वाटतंय'च ठेवीन, कारण बाकीचे तीन चेहरे समोर असल्यामुळे त्याचा अर्थ आपोआप आवळला जातो.

नकारार्थी विधानं मात्र सरळ काढून टाका. 'मला सहसा राग येत नाही' यापुढे 'कधीच नाही' हा पर्याय आला, तर आठ वर्षांच्या मुलाने काय समजावं? त्याला म्हणायचं असतं, कधीच येत नाही. खूण मात्र उलट्या अर्थाची होते. आणि तुमचं भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या. पण त्यावर विसंबू नका. 'मी लवकर रागावते'चं उलट भाषांतर बिनचूक येईल, कारण करणारा मोठा माणूस असेल. आठ, अकरा आणि पंधरा वर्षांच्या दोन-दोन मुलांना शेजारी बसवून प्रत्येक विधान 'तुझ्या शब्दांत सांग' म्हणावं लागेल.

राहिला किशोर. संस्कृतातल्या एका जुन्या वाटणीप्रमाणे पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. आपण आज पौगंडावस्था म्हणतो ती या हिशेबाने दहाव्या वर्षीच संपते! शास्त्रीय लेखनात पौगंडावस्था आता वेगळ्या अर्थाने पक्की झाली आहे, तिला हात लावू नका. पण मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदावर तो शब्द नको. इंग्रजी शब्द तेरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेपटावरून आला आहे. मराठीत अकरापासून अठरापर्यंतचे आकडे सारखेच वाजतात, तेव्हा त्या धर्तीवर शब्द घडवण्यातही अर्थ नाही. 'किशोरवयीन मुलं-मुली' पुरेसं आहे आणि शेजारी वय आकड्यात द्या.

आणि कागदाच्या माथ्यावर 'भावनिक बुद्धिमत्ता चाचणी' छापू नका. साधनाचं नाव तुमच्या अहवालात असू द्या. मुलांना चाचणी म्हणजे घटक चाचणी. ती लगेच बरोबर उत्तर शोधू लागतात आणि शेजारच्याच्या कागदात डोकावतात. माथ्यावर 'मला कसं वाटतं?' एवढंच असू द्या आणि खाली एक ओळ: 'यात बरोबर किंवा चूक असं काही नाही.'